डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला वजनकाटा

मित्रांनो, घाबरू नका, आज तुम्हाला माझ्यावर उभं राहायचं नाही. आज फक्त ऐकायचं. मी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला जुना वजनकाटा. पत्र्याचं अंग, पाऊल ठेवायला काळं रबर आणि काचेखाली एक लाल सुई. कारखान्यातून आलो तेव्हा इतका चकचकीत होतो की पेशंट माझ्यात वाकून केस सारखे करायचे!

कंपाउंडरकाका मला रोज ओल्या फडक्यानं पुसत. मायाळू माणूस. कुणाचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे.

आणि माझ्यावर चढणाऱ्यांचे चेहरे पडायचेच. काय एकेक तऱ्हा! कुणी चपला काढायचे, कुणी चष्मा. बँकेतले साहेब तर श्वास कोंडून पोट आत घ्यायचे. अहो, पोट आत घेतलं म्हणून ते कुठे घरी राहतं का? पण मला त्यांची दयाच यायची. माझ्यावर उभा राहिला की मोठा माणूससुद्धा निकालाच्या दिवशीचं पोर होतो.

मग समोर व्यायामशाळा निघाली. तिथला काचेचा काटा म्हणे सगळ्यांना हलकं दाखवायचा. झालं! माझ्या नावानं ओरड सुरू झाली.

"काका, तुमचा काटा म्हातारा झालाय. भंगारात द्या आता," साहेब म्हणाले.

काकांना ते लागलं. एके दुपारी डॉक्टरबाई जेवायला गेल्या असताना त्यांनी माझ्या कडेचा स्क्रू फिरवला. "लोकांना जरा बरं वाटू दे. अर्धं औषध तेच," असं मला थोपटत पुटपुटले.

दुसऱ्या दिवसापासून आनंदीआनंद! जो तो हलका. साहेब तर "काटा सुधारला हो!" म्हणाले आणि बक्षीस म्हणून समोरच्या बेकरीत शिरले. सगळी वस्ती एकाच रात्रीत बारीक कशी झाली, हे कुणी विचारलं नाही. रिकामा असताना माझी सुई शून्याच्या मागे लाजून उभी असायची, पण रिकाम्या काट्याकडे कोण बघतं?

मग एका सकाळी एक शिवणकाम करणारी ताई आईबरोबर आली. मोठ्या दुखण्यातून उठली होती. "या महिन्यात वजन वाढलं तर मशीनवर बसायची परवानगी," असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं. बिचारी नको नको होत असतानाही आई भरवील तो घास गिळत होती.

ती माझ्यावर चढली. मी तिचं नवं वजन ओळखलं होतं. पण सुई पुढे जाईना! स्क्रू फिरवण्याआधीच्या मागच्या खेपेपेक्षाही अलीकडेच थांबली.

"अगं, एवढं खातेस ते जातं कुठे?" आईनं कळवळून विचारलं.

डॉक्टरबाई गंभीर झाल्या. "मोठ्या इस्पितळात दाखवायला हवं. पुन्हा सगळ्या तपासण्या."

"पुन्हा सुया? नको हो, बाई," ताई म्हणाली, आणि रडतच खाली उतरली.

तेव्हा प्रथमच डॉक्टरबाईंनी मला रिकामं पाहिलं.

"काका, ही सुई शून्याच्या मागे कशी?"

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. "मीच... लोकांना बरं वाटावं म्हणून..."

डॉक्टरबाई स्वतः खाली बसल्या आणि स्क्रू जागेवर आणला. ताई पुन्हा चढली. मित्रांनो, त्या दिवशी माझी सुई कशी धावली म्हणून सांगू! मागचा आकडा ओलांडून पुढे गेली.

"वाढलंय! बस जा मशीनवर," डॉक्टरबाई हसल्या.

आईनं लेकीला पोटाशी धरलं, मग काकांकडे वळली. "अहो काका, जीव घेतला होतात की माझा!" काका मान खाली घालून उभे. तशी तीच म्हणाली, "जाऊ द्या. डोळे पुसा आधी."

बाकावरचे साहेब मात्र खाकरले. "डॉक्टर, तिचं झालं ना? मग माझ्यापुरता तो स्क्रू पुन्हा फिरवता येईल का?"

अख्खा दवाखाना हसला. साहेब मात्र हसले नाहीत. ते खरंच विचारत होते.

आता माझा पत्रा गंजतो आहे. मित्रांनो, मला कोरडं ठेवा, सपाट फरशीवर ठेवा, वर उड्या मारू नका. आकडा नाही आवडला, तर खुशाल रुसा माझ्यावर. मला राग येत नाही. फक्त त्या स्क्रूला हात लावू नका. तुमच्यामागे रांगेत कोण उभं आहे, ते तुम्हाला माझ्यावरून दिसत नसतं.