मुठीखालचे आकडे

तिचा कोणावर विश्वास नव्हता, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही. टेनिस खेळत होती त्या काळात पाण्याची बाटली ती स्वतः भरायची, झाकणावर चिकटपट्टी लावायची आणि कोर्टवर बाजू बदलताना पट्टी जागच्या जागी आहे हे बघूनच घोट घ्यायची. हॉटेलात दिलेली खोली कधी घ्यायची नाही, दुसरी मागायची. मोठ्या स्पर्धांचे पाच चषक जिंकले तरी ही सवय सुटली नाही; चषकागणिक वाढतच गेली. वर्तमानपत्रं तिला ‘भिंत’ म्हणायची, कारण समोरून काहीही आलं तरी ते परत जायचं. तिच्याबरोबर फिरणारी माणसंही तिला भिंतच म्हणायची, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

आता ती चोपन्न वर्षांची होती. खेळ सोडून सव्वीस वर्षं झाली होती आणि उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता. क्रीडा संग्रहालयानं तिच्या नावाचं दालन करायचं ठरवलं, तेव्हा माळ्यावरच्या कुलूपबंद पेटीतल्या नऊ रॅकेट तिनं स्वतः गाडीत घालून नेऊन दिल्या. पोच म्हणून मिळालेल्या कागदावर प्रत्येकीचा क्रमांक लिहून घेतला आणि वर दोन सह्या घेतल्या.

आठवड्याभरानं तिथल्या जतन विभागातल्या बाईंचा फोन आला.

“मॅडम, जरा येऊन जाल का? मुठीवरचं चामडं कुजलंय म्हणून उलगडलं, तर आत काहीतरी लिहिलेलं आहे. तुम्ही लिहिलं होतं का?”

“मी कशाला लिहू?” ती म्हणाली. “आता कशाला हात लावू नका. आलेच मी.”

लांबलचक टेबलावर पांढरं कापड अंथरून रॅकेट ओळीनं मांडल्या होत्या. उघड्या पडलेल्या मुठींच्या आठही पैलूंवर पेन्सिलीनं मुंगीच्या पावलांसारखं बारीक अक्षर होतं. ते अक्षर तिनं तत्काळ ओळखलं. तिच्या गटिंगवाल्याचं होतं ते.

त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. सात वर्षं ते तिच्याबरोबर देशोदेशी फिरले. रॅकेटमध्ये गट, म्हणजे जाळीची तार, ओढून बसवायचा, मुठीचं चामडं बदलायचं, एवढंच त्यांचं काम. गटाचा ताण तिनं पहिल्या दिवशी ठरवून दिला होता: साठ पौंड. गट जितका ताठ, तितका चेंडू ताब्यात राहतो आणि तितका हाताला हादरा बसतो. हादऱ्याची तिला फिकीर नव्हती. मास्तरांची वही ती न सांगता उघडून बघायची. वहीत कायम साठच असायचे.

मुठीखाली तसं नव्हतं. तिथे तारीखवार ओळी होत्या. “मा. ६०, दि. ५९॥.” त्याखाली “मा. ६०, दि. ५९.” पुढे अठ्ठावन्न, सत्तावन्न. सहा महिन्यांत आकडा चोपन्नवर आला होता आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहिला होता. मा. म्हणजे मागितले, दि. म्हणजे दिले, हे कळायला तिला वेळ लागला नाही. पाचही चषक चोपन्नवर जिंकलेले होते.

“हे काय आहे, मॅडम?” बाईंनी विचारलं.

“फसवणूक,” ती म्हणाली.

शेवटच्या चार रॅकेटवर मात्र सगळ्यात खाली एकेकच ओळ होती, ठळक, पेन्सिल दाबून लिहिलेली. “मा. ६०, दि. ६०.” तारीख तिला पाठ होती. ती हरली तो अंतिम सामना.

त्या सामन्याच्या आदल्या सकाळी खेळाडूंच्या खोलीत एक जण तिला सहज म्हणाली होती, “तुझा मास्तर काल समोरच्या बाईच्या प्रशिक्षकाबरोबर कॉफी पीत होता हं.” झालं. तिच्या डोक्यात किडा शिरला. मास्तरांचं स्वतःचं यंत्र तिनं बाजूला ठेवायला लावलं, स्पर्धेच्या कार्यशाळेत आयोजकांच्या यंत्रावर त्यांना बसवलं आणि चारही रॅकेटमध्ये गट भरून होईपर्यंत हाताची घडी घालून समोर उभी राहिली; मुठींना नवं चामडं तेवढं त्यांनी रात्री खोलीत चढवलं. दुसऱ्या दिवशी रॅकेट फळीसारखी लागली. चेंडू आखूड पडू लागले. तिसऱ्या सेटमध्ये हात खांद्यापर्यंत बधिर झाला. सामना गेला. त्याच संध्याकाळी तिनं मास्तरांना सगळ्यांदेखत सांगितलं, “तुम्ही विकले गेलात. तोंड दाखवू नका.” त्यांनी यंत्र पेटीत भरलं आणि ते निघून गेले. पुढची दोन वर्षं तिनं नव्या माणसाकडून साठच्या रॅकेट करून घेतल्या. मग कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ संपला. यातल्या कशाला तरी मास्तर जबाबदार आहेत, असं ती इतकी वर्षं मनाशी धरून होती.

हे आकडे मागाहून तर कोणी लिहिले नसतील? ती उरलेला दिवस तिथेच बसली. चामड्याखालचा डिंक तिनं भिंगातून बघितला, बुडाशी मारलेल्या पिना बघितल्या. एकही उपटल्याची खूण नव्हती. पेटीची किल्ली सव्वीस वर्षं तिच्याच गळ्यात होती. संशय घ्यायला तिच्याशिवाय कोणी उरत नव्हतं.

दादाला तिनं फोन केला नाही. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ आणि पहिल्या दिवसापासूनचा प्रशिक्षक. याला ठाऊक असणारच, हा शहाणा लगेच मास्तरांना फोन करेल आणि दोघं मिळून एक गोष्ट पढून ठेवतील, असं तिला वाटलं. ती सरळ मास्तरांकडे गेली, न कळवता.

मास्तर लेकीकडे राहत होते, तिसऱ्या मजल्यावर, शिवणयंत्राची घरघर चालू असलेल्या दोन खोल्यांत. त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि डावा हात मांडीवर पडून होता. लेकीनं दार उघडलं, पाहुणीला ओळखलं आणि दारातच उभी राहिली.

“बाबांना त्रास द्यायला आला असाल तर परत जा.”

“येऊ दे गं त्यांना,” आतून आवाज आला. “या, ताई. बसा. खुर्चीचा पाय बघून बसा, एक ढिला आहे.”

तिनं खुर्ची तपासली आणि बसली. मुठींचे फोटो त्यांच्यापुढे धरले. मास्तरांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसले.

“चामडं बरंच टिकलं की.”

“हसू नका. सात वर्षं मला फसवलंत.”

“फसवलं,” ते म्हणाले. “माझ्या यंत्राचा काटा सहा पौंडांनी सरकवला होता. गट तळहातावर आपटून आवाज ऐकायची तुमची सवय, म्हणून जरा बारीक गट घालायचो. बारीक गट सैल असला तरी आवाज ताठ देतो. तुमचा कान फसवायला मला सहा महिने लागले. वहीत खरं लिहायची सोय नव्हती, वही तुम्ही उघडायचात. मुठीखाली तेवढं तुमचं लक्ष नव्हतं.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“कोणाच्या नाही. तुमचा हात बघत होतो ना मी. सराव झाला की कप डाव्या हातानं उचलायचात. म्हटलं, हा हात दोन वर्षं काढणार नाही.”

“दादाला माहीत होतं?”

“दादांना काय माहीत असणार? माझं डोकं ते.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगून ऐकलं असतंत?”

शिवणयंत्र केव्हा थांबलं ते तिला कळलं नव्हतं. लेक दाराआड उभी राहून ऐकत होती.

“आणि शेवटच्या वेळी?” तिनं विचारलं. “समोरच्या बाईच्या प्रशिक्षकाबरोबर कॉफी?”

“त्यांनी मला नोकरी देऊ केली होती. मी नाही म्हटलं आणि कॉफी पिऊन उठलो.” मास्तरांनी चांगल्या हातानं पडलेला हात उचलून नीट ठेवला. “पण एक सांगतो, ताई, इतकी वर्षं ते घशात अडकलंय. तुम्ही समोर उभ्या होतात. यंत्र बंद करून म्हणू शकलो असतो की, बाई, साठची सवय तुमच्या हाताला नाही, हराल. नाही म्हटलं. राग आला होता मला. सात वर्षं सांभाळलं आणि ही माझ्यावर पहारा करते! म्हटलं, साठ हवेत ना? घे साठ. तो सामना तुम्ही हरलात, त्यात माझा हात आहे. तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता.”

कोर्टवर तिनं बाराशेच्या वर सामने खेळले होते, पण असा चेंडू तिच्याकडे कधी आला नव्हता.

“ते पाच चषक,” ती शेवटी म्हणाली, “ते मग कोणाचे?”

“वेड्या का खुळ्या?” मास्तर जवळजवळ ओरडले. “गट मी ओढला. उन्हात साडेतीन तास कोण पळालं? मी?”

“बाबा, हळू,” लेक म्हणाली आणि पहिल्यांदा आत आली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. पाहुणीनं तो घेतला, पेल्यात नजर टाकली आणि मग लेकीकडे बघत प्यायली.

“मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले,” निघताना ती म्हणाली. “ते मागे घ्यायचं तर सगळ्यांदेखतच घ्यायला पाहिजे. दालन उघडेल तेव्हा याल का?”

“जिने उतरवलं कोणी तर येईन,” मास्तर म्हणाले.

तिथून ती थेट दादाकडे गेली. दादा बाहत्तरचा, पाठीत वाकलेला, स्वयंपाकघराच्या ओट्याशी भाजी चिरत होता. तिनं फोटो ओट्यावर टाकले. त्यानं सुरी खाली ठेवली.

“सापडलं म्हणायचं.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“माहीत काय! मीच सांगितलं होतं त्याला. डॉक्टरनं तुझ्या कोपराचे एक्स-रे मला एकट्याला दाखवले. म्हणाला, असंच चाललं तर दोन मोसम. मी मास्तरच्या पाया पडलो. तो तयार नव्हता, छोटे, त्याला खोटं जमत नाही म्हणाला. पाप माझं आहे.”

“मास्तर म्हणतात त्यांचं डोकं.”

“तो म्हणेलच. सांभाळून घेतोय मला.”

“किंवा तू त्यांना.”

दादानं खांदे उडवले. ती स्टुलावर बसली आणि उलटतपासणी घेऊ लागली. कुठला डॉक्टर? वारला. एक्स-रे कुठे आहेत? असतील कुठे तरी. मास्तरांना कुठे भेटलास? विमानतळावर. कुठल्या? चौतीस वर्षांपूर्वीचं विमानतळ कुठलं ते मला काय विचारतेस? दोन्ही बाजूंनी कबुली होती आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. दोघांतला एक जण खोटं बोलत होता. आणि तो खोटं का बोलत होता, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

“मी काढून टाकलेल्या लोकांच्या यादीत तूही होतास,” ती म्हणाली. “तुला काढलं ते मास्तरांनंतर वर्षभरानं. तेव्हा तरी का नाही बोललास?”

“बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस?”

“म्हणाले असते, आता काढून टाकल्यावर बनवून सांगतोयस.”

“मग?”

पुढच्या महिन्यात दालन उघडलं. दादाचं म्हणणं होतं की मुठींवर नवं चामडं चढवा, लोक हसतील. तिनं चार रॅकेटच्या मुठी उघड्याच ठेवायला लावल्या आणि खालची पाटी स्वतः लिहून दिली. तीत मास्तरांचं पूर्ण नाव होतं आणि तिनं त्यांना काय म्हटलं होतं, तेही होतं. मास्तरांना दोघांनी खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं होतं. ती ते वाक्य माइकवर वाचत असताना मास्तर आणि दादा पहिल्या रांगेत शेजारी बसून खालच्या आवाजात काहीतरी कुजबुजत होते. ती वाचता वाचता थांबली.

“काय चाललंय तुमचं?” तिनं माइकवरूनच विचारलं.

“काही नाही,” दोघं एकदम म्हणाले.

लोक हसले. तिनं त्या दोघांकडे बराच वेळ रोखून पाहिलं, आणि मग पुढचं वाचायला घेतलं.