शाडूची माती आणि माझी अंडी

मी एक म्हातारी सॅमन मासोळी आहे आणि आज माझे डोके फिरले आहे. मित्रांनो, ताटात वाढली की माझे सगळे कौतुक करतात. जिवंतपणी मात्र कोणी विचारत नाही.

माझे घर जपानच्या होक्काइदो बेटावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. डोंगर फुटला की राख नदीत येते, गोट्यांच्या फटीत बसते आणि खालची अंडी गुदमरतात. म्हणून लाव्हाच्या खडकातून गाळून आलेले पाणी जिथे तळातून उसळते, तिथे आम्ही घरटे खणतो. ते पाणी गोटे धुऊन काढते आणि हिवाळ्यातही गोठत नाही. एखादी नदी राखेने पार बुजलीच, तर आमच्यातल्या काही जणी शेजारची नदी धरतात.

मीही समुद्र पालथा घालून, उपाशीपोटी असाच एक झरा गाठला. शेपटीने खड्डा केला, अंडी घातली, वर गोटे लोटले. आता माझे थोडेच दिवस उरले आहेत. तेवढे दिवस राखण करायची, एवढेच काम.

आज तिथे टोकियोतल्या निशी-कसाईहून नेत्रा आणि तिचा नवरा प्रथमेश आले. दरवर्षी फ्लॅटमधल्या बादलीत गणपती विसर्जन करावे लागते, याची नेत्राला चुटपुट होती. म्हणून यंदा ती मूर्ती मांडीवर घेऊन इथवर आली होती.

"मातीने पाणी गढूळ होईल ना गं?" प्रथमेशने विचारले.

"अरे, शाडूची आहे, इको-फ्रेंडली! पूर्ण विरघळते."

आणि तिने बाप्पाला अलगद माझ्या घरट्यावर बसवले!

पांढुरका गाळ गोट्यांवर पसरू लागला. मी संतापून उसळले, तिच्या अंगावर पाणी उडवले. तर ती हात जोडून म्हणते, "बघ, मासासुद्धा दर्शनाला आला!"

आता काय करावे या बाईला? मी आडवी झाले आणि फाटक्या शेपटीने गाळ झाडू लागले. झाडला की पुन्हा बसे. प्रथमेश वाकून बघत राहिला.

"नेत्रा, ही दर्शनाला नाही आली. माती काढतेय. खाली अंडी असतील हिची."

नेत्राचा चेहरा उतरला. "बाप्पा, चुकलं माझं," म्हणत तिने अर्धी विरघळलेली मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. "हॉटेलात बादली मिळेल का रे?"

मूर्ती गेली, गाळ राहिला. झरा खालून ढकलतो आहे, मी वरून झाडते आहे. अंडी वाचली की नाही, हे कळेपर्यंत मी नसेन. त्याचाच जास्त राग येतो.

मित्रांनो, डोंगराला समज नाही, म्हणून त्याच्यावर मी रागावत नाही. तुम्हाला आहे. बाप्पाला बादलीतच निरोप द्या. बादलीत कोणाचे घर नसते.