वीराची तलवार, सुताराची फळी

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. तलवार कसली, सुताराने खोक्याच्या फळीतून कापलेली पट्टी. वर चंदेरी रंग फासला, मुठीला दोरा गुंडाळला, की झाले मी राष्ट्रवीराचे शस्त्र! सिनेमा तेव्हा मुका होता. मी खणखणत नाही हे कळणार कोणाला?

तो राष्ट्रवीर खरा कोण, तेही ऐका. तो होता साधा नावाडी. मागच्या लढाईत दोन्ही बाजूंचे जखमी नदीपार नेता नेता गेला बिचारा. सरकारला मात्र नव्या लढाईसाठी पोरे हवी होती, आणि वल्हे दाखवून भरती थोडीच होते? मंत्र्यांनी पैसा सोडला, दिग्दर्शकाने मान डोलावली आणि नावाड्याच्या हाती मी आले. त्याचे काम करणारा नट तर पाण्याला भ्यायचा. होडी त्याने कोरड्या जमिनीवरच वल्हवली.

एके दिवशी नावाड्याची मुलगी चित्रीकरणात घुसली. आपल्या एकुलत्या मुलाला ती लढाईपासून जिवापाड जपत होती. कॅमेऱ्यासमोर उभी राहून, माझ्याकडे बोट दाखवून ती कडाडली, "माझ्या बाबांनी कधी हत्यार धरलं नाही. पोरांनो, हे खोटं आहे, जाऊ नका!"

"थांबू नकोस, हँडल फिरवत राहा," दिग्दर्शक कॅमेरावाल्याला हळूच म्हणाला. "काय चेहरा आहे बाईचा. शब्द काय, आपण पाटीवर घालू."

आणि घातले मेल्यांनी. पडद्यावर तिचे ओठ हलले, पाठोपाठ अक्षरांची पाटी आली: 'ही माझ्या बाबांची तलवार. पोरांनो, उचला आणि निघा!' लोकांनी थिएटर डोक्यावर घेतले. बाहेर भरतीच्या टेबलावर मला मांडून ठेवले होते.

परगावी नोकरीला असलेला तिचा मुलगा त्या दिवशी सुट्टीवर आला होता. खेळ पाहून तो बाहेर आला, माझ्या मुठीला हात लावला आणि सही करून मोकळा झाला. आई शोधत आली तेव्हा उशीर झाला होता.

"किती वेळा बजावलं होतं रे तुला. कोणाचं ऐकून सही केलीस?"

"तुझंच, आई. पडद्यावर तूच तर म्हणालीस. मला वाटलं, तुझं मन वळलं."



मुलगा परतला नाही. नटाला पदक मिळाले, मला काचेचे कपाट. आता माझ्या रंगाचे पोपडे निघतात, आत वाळवी शिरली आहे. इतर जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून गयावया करतात. मी नाही करणार. मला खुशाल चुलीत घाला. नावाड्याचे वल्हे अजून त्या बाईच्या दारामागे उभे आहे म्हणतात. जपायचेच असेल, तर मित्रांनो, ते जपा.