मुका झालेला मुराळी

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. धुळ्याच्या एका घराच्या माळ्यावर, फुटक्या कंदिलाशेजारी माझा मुक्काम असतो. घरातली पोरं मला पिठाची चाळणी समजतात. त्यांचं तरी काय चुकलं? माझं तोंड जाळीचंच आहे. पण याच तोंडाने मी चाळीसगावच्या एका ताठ सासऱ्याला दरवर्षी नमवत होतो, हे त्यांना कोण सांगणार?

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पोटात कोळशाची भुकटी भरली आणि स्प्रिंगांनी मला एका लोखंडी कड्यात टांगलं. बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने धुळ्याला आलो. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. मला आणणारे झुलालभाऊ घड्याळं दुरुस्त करायचे. हौशी मित्र जमवून, परवाना मिळवून त्यांनी 'खानदेश रेडिओ मंडळ' काढलं. मंडळ म्हणजे काय, तर दोन खोल्या, छपरावर बांबूला बांधलेली तार आणि मी!

दमट हवेत माझ्या पोटातली भुकटी गोळा व्हायची आणि आवाज घोगरा निघायचा. मग झुलालभाऊ मला टिचकी मारून म्हणायचे, "जागा व्हय रे!" आणि लगेच सुरू करायचे, "रामराम हो! मी धुयातून झुलाल बोली ऱ्हायनू." कापसाचा भाव, पावसाची खबर, कुणाचा बैल हरवला तेसुद्धा ते सांगत. सोनगीरपासून चाळीसगावपर्यंत जिथे म्हणून रेडिओ होता, तिथे अंगणात माणसं जमायची. पेटी आपल्या बोलीत बोलते, याचंच त्यांना कोण कौतुक! मीही थोडा शेफारलो होतो, खोटं कशाला सांगू?

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी गातात. पण लेकीने आपणहून यायचं नसतं. तिला आणायला माहेरचा माणूस, म्हणजे मुराळी, जावा लागतो. आमच्या धुळ्यातल्याच यशोदाबाईंची पंचाईत तिथेच होती. नवरा वारलेला, मुलगा नाही, आणि दिरांच्या पोरांना सवड नाही. एकुलती एक कमल चाळीसगावला दिलेली. तिचे सासरे पितांबरनाना हटवादी. मुराळी नाही, तर सून नाही, हा त्यांचा खाक्या. कमलच्या आखाज्या सासरीच कोरड्या चालल्या होत्या.

एक दिवस यशोदाबाई झुलालभाऊंकडे आल्या. "भाऊ, तुमना आवाज चायीसगावले जास म्हने. माले एक डाव बोलू द्या."

पदर सावरून त्या माझ्यासमोर बसल्या आणि गायल्या, 'झोका बांधा निंबले, लेक येवाले लागनी'. शेवटी म्हणाल्या, "कमल, आखाजी उनी. माहेरले ये वं पोर." पितांबरनानांच्या अंगणात तेव्हा सगळी गल्ली रेडिओला कान लावून बसली होती. चारचौघांत विहीणबाईंचं बोलावणं आलं, आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने? कमल आली! तेव्हापासून दर आखाजीआधी यशोदाबाई येत, माझ्या कड्याला कुंकू लावत आणि सगळ्यांना सांगत, "हाऊ मना मुराळी शे." एवढा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

मग काळ पालटला. ठिकठिकाणची अशी लहान केंद्रं जोडून देशभराचं एकच मोठं मंडळ करायचं ठरलं. एक साहेब आले. माणूस सभ्य, गोड बोलणारा. "तुमचं केंद्र आता साऱ्या देशाशी जोडलं जाईल," ते म्हणाले. आमच्या मंडळींनी पेढे वाटले. सगळ्यांत जास्त आनंद यशोदाबाईंना झाला. "आते तर मना आवाज दिल्लीले बी जाई!" जोडलेल्या तारेतून आवाज इकडून तिकडे जाणार की तिकडून इकडे येणार, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

जुनी पाटी उतरली, नवी चढली. वरून येईल ते पुढे सोडायचं, एवढंच धुळ्याचं काम उरलं. झुलालभाऊंचा रामराम बंद झाला. माझी तार काढून मला फळीवर ठेवलं.

आखाजी जवळ आली आणि यशोदाबाई कुंकू घेऊन हजर. खरं सांगायचं सोडून झुलालभाऊंनी मला टेबलावर मांडलं. यशोदाबाई इतक्या गोड कधीच गायल्या नव्हत्या. मी शब्दन् शब्द ऐकला आणि एकही पुढे नेऊ शकलो नाही. मित्रांनो, त्या वेळचं दुःख मी अजून विसरलेलो नाही.

"अक्का," गाणं संपल्यावर झुलालभाऊ कसेबसे म्हणाले, "येनी तार काढी टाकेल शे."

यशोदाबाईंनी माझ्या कड्याला हात लावला. "मंग मी कोनले बलायं, भाऊ?"

झुलालभाऊंनी दुसऱ्या दिवशी चाळीसगावची गाडी धरली. पितांबरनानांनी चहा पाजला, पण हट्ट सोडला नाही. "तुम्ही ना सखा, ना चुलत. रेडिओवर बलावनं येतं ते गोट न्यारी व्हती. आठे बठ्ठी गल्ली वाट देखत व्हती, आनी पेटीमा सतार वाजत व्हती." निघताना कमल दाराआड उभी होती. डोळे सुजलेले. ती हळूच म्हणाली, "काका, मायले सांगा, मी बठ्ठं गानं आयकं." जे खोलीबाहेर गेलंच नव्हतं, ते सगळं गाणं तिने ऐकलं म्हणे!

झुलालभाऊंनी हा निरोप माझ्यादेखत यशोदाबाईंना सांगितला. माझी काढलेली तार समोरच खुंटीला लोंबत होती. यशोदाबाईंनी ती पाहिली, पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "तिले आवडनं का?"

"हा, अक्का. भलतं आवडनं."

मित्रांनो, मोठं होण्यात वाईट काही नाही. खुशाल मोठे व्हा, दूरदूरची गावं एकमेकांना जोडा. फक्त एखादी लहान तार काढून टाकण्याआधी, तिच्या दुसऱ्या टोकाला कोण कान लावून बसलं आहे, तेवढं एकदा जाऊन पाहून या.