चाकाला हवी तेवढी जागा

आर्डिस लोकनने नॉर्बर्ट थीलनला हो म्हटलं नव्हतं, आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

"उन्हाळाभर तुझ्या त्या ट्रेलरमध्ये राहून बघू," ती म्हणाली होती. "चौदा फुटांत एकमेकांचं घोरणं सोसलं, तर लग्नाचं बोलू. नाही सोसलं, तर थंडी पडायच्या आत मी टक्सनला लेकीकडे जाते. आणि गेले की गेलेच, नॉर्बर्ट. तिनं माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय."

दोघांचेही जोडीदार जाऊन वर्षं झाली होती. मिनेसोटातल्या त्या गावात दोन चर्चं, धान्याची कोठारं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे विधुर. त्यामुळे आर्डिसचा निर्णय हा सगळ्या गावाचा विषय झाला होता. नॉर्बर्ट मात्र एका गोष्टीला धरून बसला: ट्रेलर रस्त्यावर चालला पाहिजे.

गाडीमागून ओढत न्यायचा, आत राहता येईल असा तो ट्रेलर त्रेसष्ट सालचा, वरून गोल, खालून चपटा. त्या आकाराला तिकडे हॅमचा डबाच म्हणतात. बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा अजून ठणठणीत होता. पण चाकं जिथे जमिनीतून घरात डोकं काढतात, तिथल्या पत्र्याच्या पेट्यांची गंजून जाळी झाली होती. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं त्या खाल्ल्या होत्या. भोकांतून चाकांनी उडवलेलं पाणी इतकी वर्षं आत येत राहिलं, आणि डाव्या पेटीवर खोक्यासारखं पालथं घातलेलं ओकचं बाक खालून कुजलं.

हे बाक नॉर्बर्टनं स्वतः केलं होतं. तो शाळेत लाकूडकाम शिकवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं ते मार्लिससाठी केलं, आणि मग तीस उन्हाळे मार्लिस त्याच्यावर बसून खिडकीतून तळी बघत आली. उठताना ती पुढच्या कडेवर हात टेकायची. तिथे लाकूड बशीसारखं खोलगट झालं होतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर नॉर्बर्टनं ट्रेलर जॅकनं उचलला, लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवला आणि कामाला लागला. रिव्हेट ड्रिलनं उडवले. जुन्या पेट्या ओढल्या तर हातात नुसता भुगा आला. बाकाचा कुजलेला खालचा भाग त्यानं करवतीनं कापून टाकला. बाक चार बोटं बुटकं झालं. मग त्यानं जस्ती पत्र्याच्या नव्या पेट्या वळवल्या, आणि बुटकं बाक पूर्वीसारखंच तिच्यावर पालथं बसावं म्हणून डावी पेटी चार बोटं कमी उंचीची केली. चाक आणि पेटीत अंतर किती राहतं ते त्यानं तीनतीनदा मापलं. मूठ सहज जात होती. सांध्यांना चिकट डांबरी पट्टी दाबून बसवली, रंग मारला, आणि बाक जागेवर सरकवलं. ते अगदी घट्ट बसलं. त्या संध्याकाळी तो बराच वेळ त्या बाकासमोर उभा होता.

जूनच्या पहिल्या शनिवारी आर्डिस सामान घेऊन आली. बिडाचे तवे, कढई, लेफ्से ही बटाट्याची भाकरी भाजायचा जाड तवा, बिटाच्या लोणच्याच्या बरण्या, गोधड्या, आणि पेटाऱ्यातलं अकॉर्डियन.

"हेसुद्धा?" नॉर्बर्टनं विचारलं.

"माणूस वाजवायचं थांबलं की बोटं आखडतात. तुला आखडलेली बायको हवीय का?"

बायको हा शब्द ऐकून नॉर्बर्टचे कान तापले. त्यानं पेटारा आत ठेवला, पाण्याची टाकी भरली, आणि दोघं निघाली.

धान्याच्या कोठारांपर्यंतही पोचली नाहीत. मागून आधी कुईकुई, मग जळक्या रबराचा वास. नॉर्बर्टनं गाडी कडेला घेतली. डाव्या चाकाचा माथा पेटीला घासून आरशासारखा गुळगुळीत झाला होता, आणि त्यातून बारीक धूर निघत होता.

आर्डिसनं भावाला फोन लावला. डेलबर्ट ट्रक घेऊन आला, रस्त्यावर उताणा झोपला, खाली बघितलं आणि पोटावर हात ठेवून हसू लागला.

"दाजी, हे माप तुम्ही ट्रेलर घोड्यांवर असताना घेतलंत ना?"

"अजून दाजी झाले नाहीत ते," आर्डिस म्हणाली.

"असं चाललं तर होणारही नाहीत. अहो दाजी, घोड्यांवर ट्रेलर उचलला की चाक खाली लोंबतं. खाली ठेवला, आत सामान भरलं, की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि चाक वर चढतं. लोंबत्या पायाचं माप घेऊन पँट शिवलीत तुम्ही! हसतोय, पण माझ्या ट्रेलरचं मीसुद्धा हेच करून बसलो होतो. डकोटात टायर फुटलं, बायको दोन दिवस बोलली नाही."

ट्रेलर हळूहळू ओढत परत नॉर्बर्टच्या अंगणात आला. डेलबर्ट जाताना ओरडला, "पेटी उंच करा म्हणजे झालं!"

पेटी उंच केली की झालं, हे नॉर्बर्टला रस्त्यावरच कळलं होतं. पण पेटी उंच म्हणजे बाक गेलं. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"टाकी रिकामी ठेवली तर? आणि थोडं सामान कमी केलं तर बहुतेक लागणार नाही."

आर्डिसनं त्याच्याकडे एकदा बघितलं. आत गेली आणि लेफ्सेचा तवा घेऊन बाहेर आली. मग बरण्या. मग अकॉर्डियनचा पेटारा, दोन्ही हातांनी, गुडघ्यांवर आपटत. नॉर्बर्ट धरायला धावला, तर ती म्हणाली, "राहू दे. माझंच आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नवऱ्याच्या आजारपणात सगळं काही मुकाट्यानं आवरून ठेवणाऱ्या बाईचा तो आवाज होता.

गवतावर तिच्या सामानाची रांग लागली. शेवटी ती दारात उभी राहिली.

"आता खाली वाकून बघ. लागतंय का?"

नॉर्बर्टनं बघितलं. तीन बोटांचं अंतर होतं.

"नाही लागत."

"पण आत मी एकटीच आहे तोवर. तू, मी आणि एक गादी आत आली की पुन्हा लागेल. मग काय काढायचं?" ती थांबली. "नॉर्बर्ट, एवढा मापाचा माणूस तू. पेटी मुळात बुटकी का केलीस?"

नॉर्बर्टची नजर डाव्या बाजूला गेली, आणि आर्डिसची नजर त्याच्या नजरेमागे गेली. ती आत जाऊन बाकाजवळ वाकली. झिजलेल्या कडेवर तिनं तळहात ठेवला.

"तिची जागा?"

"हो."

"मग सांगायचं ना! मी काय, ती नव्हतीच असं म्हणायला आलेय? माझा एल्मर अजून माझ्या उशीच्या डाव्या बाजूला झोपतो, असंच वाटतं मला." ती उठली. "पण मला बसायला जागा हवी, नॉर्बर्ट. पाहुणीसारखी नाही. सामानासकट. ते जमणार नसेल तर आजच सांग. टक्सनचं तिकीट स्वस्त आहे."

ती गाडीत बसून घरी गेली. सामान तसंच गवतावर राहिलं. नॉर्बर्टला ते शुभलक्षण वाटलं, आणि लगेच असं वाटून घेण्याची लाजही वाटली.

मग त्यानं करवत काढली.

बाकाचं खोकं कापायला फारसा वेळ लागला नाही. चांगलं केलेलं काम मोडायला नेहमीच कमी वेळ लागतो. बाजूच्या फळ्या त्यानं भिंतीला टेकवून ठेवल्या. वरची फळी मात्र हातात धरून तो बसला, आणि तिचं काय करायचं ते सुचेना, म्हणून ती गोधडीत गुंडाळली. पुढच्या आठवड्यात पेटी नव्यानं, भरपूर उंच वळवली.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा तो सरळ आर्डिसच्या दारात गेला. "सामान आत भरलंय. पण माझा माझ्या मापावर विश्वास नाही राहिला. माणसं हवीत. जड असली तर उत्तम."

रविवारी चर्च सुटल्यावर आर्डिस त्याच्या अंगणात आली ती वरात घेऊनच. डेलबर्ट, त्याची बायको, गायनवृंदातल्या चौघी, त्यांत अंगानं भरलेली लव्हॉन, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. चौदा फुटांत सगळी दाटीवाटीनं बसली. नॉर्बर्ट चाकाशी उताणा झोपला.

"अगं सरक, माझ्या कॅसरोलवर बसलीस!"

"अगं, आज माप वजनाचं घ्यायचंय, कॅसरोलचं नाही!"

"दाजी, खाली जिवंत आहात ना? डावीकडे वाकू का? लव्हॉन एकटी डावीकडे वाकली तरी पुरे!"

"डेलबर्ट, तुला केक मिळणार नाही!"

"सगळे एकदम उडी मारा!" नॉर्बर्ट खालून ओरडला.

वर धप्पकन आवाज झाला. पाटे करकरले, चाक वर गेलं, आणि पेटीच्या खाली थांबलं. नॉर्बर्टनं मधे मूठ घातली. मूठ गेली.

तो कपडे झटकत आत आला तेव्हा नव्या, उघड्या पेटीवर आर्डिस ती गोधडी उलगडत होती. ओकची फळी तिनं स्वतः पेटीवर आडवी ठेवली, झिजलेली कड पुढे करून.

"तुला चालेल?" नॉर्बर्टनं हळूच विचारलं. बाकीच्यांनी कान टवकारले.

"मांडीला टोचत नाही. कुणीतरी आधीच गुळगुळीत केलंय." आर्डिस फळीवर बसली. पेटी उंच झाल्यामुळे तिचे पाय जमिनीला पोचेनात. पहिलीतल्या पोरीसारखे ते हवेत हलत राहिले. गायनवृंद खुसखुसला.

"पायाखाली पाट लागेल," ती पायांकडे बघत म्हणाली.

"करतो. बाकाच्या फळ्या उरल्यात."

"कधी?"

"वाटेत. पहिल्या तळ्यावर."

"मग पक्का कर," आर्डिस म्हणाली. "उन्हाळ्यापुरता नको. बरीच वर्षं पाय ठेवायचेत मला त्याच्यावर."

नॉर्बर्टनं हूं केलं. तो वाकला आणि आर्डिसच्या तळव्यापासून जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते बोटांनी मोजू लागला.

"दाजी," डेलबर्ट केकचा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला, "या वेळी लोंबत्या पायाचंच माप घ्या."