कुंपण बंद केलं तेव्हा

वॉरेन शास्त्रज्ञ मोठा, पण सबुरी औषधालाही नाही. न्यू मेक्सिकोच्या माळावरच्या रेडिओ तबकड्या त्याने एका मंद, कोवळ्या ताऱ्यावर रोखल्या होत्या आणि सकाळपासून पडद्यावर दांडगे ठोके उमटत होते.

"एवढासा तारा असा बोंबलणार नाही," तो म्हणाला. "तुझ्या बापाचं विजेचं कुंपण ठिणग्या टाकतंय, तेच इथे उमटतंय."

असल्या जमिनीवरच्या लहरी हुडकणं हेच बेनिताचं काम. "तबकड्या जरा दुसरीकडे वळव ना. ठोके राहिले तर कुंपण, गेले तर तारा."

"आणि तेवढ्यात ताऱ्याने काही केलं तर? वेळ परत मिळायची नाही मला. जा, बंद करून ये."

तिने हट्ट धरायला हवा होता. पण वॉरेनशी डोकं कोण लावणार, म्हणून ती गेली.

तिचा बाप, एपिफानियो, कुरणाच्या फाटकाशीच उभा होता. कुंपणामुळे तबकड्यांत आवाज येतोय, जरा बंद कर, असं तिने सांगताच तो उसळला. "आता आभाळातल्यांना माझं कुंपण खुपायला लागलं?"

"थोडाच वेळ, बाबा."

"पोरी, तारेच्या दोन्ही अंगांना वळू आहेत. एकमेकांचं तोंड बघवत नाही त्यांना. तारेतल्या विजेची टिकटिक थांबली की आधी त्यांनाच कळतं."

"मी आहे ना इथे."

लेकीचा शब्द त्याला मोडवेना. पुटपुटत त्याने खटका खाली केला.

काळ्या वळूने तार हुंगली आणि सरळ अंग घातलं. खांब कडाकडा मोडले. पलीकडचा तांबडा वळायच्या आत काळ्याचं शिंग त्याच्या पोटात घुसलं आणि आतडी धुळीत लोळू लागली. एपिफानियो काठी घेऊन शिव्या देत मधे शिरला, जन्मभराच्या सवयीने. काळ्याने त्याला खांबावर चेचलं. बरगड्या मोडल्याचा आवाज बेनिताला ऐकू आला. दुसऱ्या धडकेत मांडी फाटली. तिने बापाला कॉलरला धरून फाटकाबाहेर ओढलं; काळा मेलेल्या तांबड्याला भोसकतच राहिला.

ती घराकडे धावली. फोन वाजतच होता.

"बेनिता, कुंपण बंद आहे ना?" वॉरेन हसत होता. "ठोके तसेच आहेत. ताराच आहे तो."

"फोन ठेव मेल्या, मला अँब्युलन्स बोलवायचीय."

अँब्युलन्सला तास लागणार होता. ती बापाकडे परत धावली आणि अंगावरचा शर्ट काढून, दोरीसारखा पिळून त्याच्या मांडीवर आवळला. वॉरेनचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याहून आधी स्वतःचा.

एपिफानियोने डोळे उघडले. "गेला का गं तुझा तो आवाज?"

"हो बाबा. लगेच गेला."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.