भोपळ्याची कावीळ

"बघा रं! सातव्या दिवशी माळ छातीवर!" गोरक्षनाथ बुवा ओरडला.

एप्रिल १९९९. बेलापुरातल्या त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध, मी विज्ञान शिकवायचे त्या शाळेचे शिपाई आसाराम बसले होते. डोळे पिवळेधमक. गेल्या रविवारी टाळूवर ठेवलेली काड्यांची माळ आपोआप वाढत छातीपर्यंत आली होती. लोक हात जोडत होते.

"माळ उतरली की कावीळ उतरली. पर इंग्रजी गोळी पोटात गेली, की माळ रुसती!"

"एकबी दिली न्हाई, महाराज," आसारामांची बायको राहीबाई म्हणाली. "ही तिसरी माळ."

तीन माळा. म्हणजे तीन आठवडे डॉक्टरांची गोळी बंद.

मी पिशवीतून लाल भोपळा काढला. भावासाठी म्हणून बुवाकडूनच आणलेली माळ मी त्याच रविवारी भोपळ्याच्या देठाभोवती ठेवली होती. आता ती बुडाशी आली होती.

"महाराज, भोपळ्याची कावीळ उतरली का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाई, देवाची चेष्टा करू नका!" बुवा गरजला.

"देवाची नाही, दोऱ्याची करते. काड्या तेव्हा साठ होत्या, आजही साठच आहेत. ओल्या काड्या फासात आवळून बांधायच्या. वाळून त्या बारीक होतात, फास ढिले पडतात आणि आतला दोरा बाहेर सरकतो." मी एक फास ओढला. काडी गळून पडली, दोरा बोटभर लांबला.

"मंग माझा मेव्हना कसा बरा झाला?" एकाने विचारलं.

"साधी कावीळ बहुतेकांची आपोआप जाते. आसारामांची हिपॅटायटिस बी आहे. तो विषाणू यकृतात विटेवर वीट रचल्यासारख्या स्वतःच्या नकला काढतो. लॅमिव्हुडिनची गोळी त्याला खोटी वीट देते. तिच्यावर पुढची वीट बसत नाही, काम थांबतं. गोळी रोग उपटत नाही, आवरून धरते. डॉक्टरांनी हे खरं सांगितलं, म्हणून ते तुम्हाला कमी वाटले. हा खोटं बोलला, म्हणून महाराज! गोळी सुटली आणि विषाणू मोकाट झाला."

राहीबाईने नवऱ्याच्या गळ्यातली माळ काढली. "बाई, लई उशीर झाला का वो?"

"माहीत नाही. टेम्पो बोलवा. आत्ता, श्रीरामपूरच्या दवाखान्यात."

गोळी पुन्हा सुरू झाली. आसाराम दीड महिना दवाखान्यात झुंजले आणि वाचले. बुवा आता पुणतांब्यात बसतो, तिथलंही अंगण भरतं. जायचंच असेल तर जा. पण माळ आधी भोपळ्यावर घाला, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.